कामाच्या हाताला कळलेला देव

देव माणसाशी बोलतो आणि ते बोलणे रोजच्या व्यवहारात ओळखता येते, ही श्रद्धा वारकरी परंपरेच्या मुळाशी आहे. या परंपरेतल्या बहुतेक संतांनी घरदार सोडले नाही. कोणी मळा राखला, कोणी मडकी घडवली, कोणी सोने तोलले, कोणी हजामती केल्या, कोणी दुसऱ्याच्या घरी दळणकांडण केले. देवाची खूण त्यांना पटली ती याच कामांत. म्हणून त्यांचे अभंग ही भक्तीची वाणी आहे, तशीच ती कामकरी माणसांची मराठीतली फार जुनी अनुभवकथनेही आहेत.

हा अनुभव आपल्यापर्यंत दोन वाटांनी आला आहे. एक वाट संतांच्या स्वतःच्या अभंगांची, दुसरी त्यांच्याविषयी सांगितल्या गेलेल्या कथांची. ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि त्यातून यांपैकी अनेक कथा घरोघरी पोचल्या. संतांचा काळ आणि महिपतींचा काळ यांत काही ठिकाणी साडेचारशे वर्षांचे अंतर आहे. अभंगही तोंडातोंडी फिरत आले. तेराव्या शतकातल्या सावता माळी यांच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात मिरची येते. ती तर पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आली. गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातले पीक सावतोबांच्या मळ्यात लावले, इतकाच याचा अर्थ. कथा इतिहास म्हणून तपासाव्या लागतात; पण देवाचे बोलणे कसे ओळखावे याविषयी एका समाजाला काय उमगले होते, ते त्या नेमके सांगतात.

या अनुभवामागचा विचार ज्ञानेश्वरीत आहे. 1290 मध्ये नेवासे येथे सांगितल्या गेलेल्या या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात गीतेच्या एका श्लोकाचा विस्तार येतो. स्वतःच्या कर्माने ईश्वराची पूजा केली की माणसाला सिद्धी मिळते, असे तो श्लोक म्हणतो. ज्ञानदेव त्याच्याही पुढे जातात. ज्याच्या वाट्याला जे विहित कर्म आले, तेच ईश्वराच्या मनातले आहे, असे ते सांगतात. म्हणजे देवाच्या मनात काय आहे हे कळण्यासाठी आकाशवाणीची वाट पाहायला नको. समोर आलेले काम हाच त्याचा निरोप. या एका विधानातून पुढचे सगळे अनुभव उलगडतात, आणि त्यातला सर्वांत अवघड प्रश्नही तिथूनच उभा राहतो.

जनाबाईंचे काम जात्याशी होते. गंगाखेडची ही मुलगी लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी आली आणि दासी म्हणून राहिली. जाते ओढायला शक्यतो दोघी बसतात. समोरासमोर बसून एकच खुंटा धरायचा, एकीने ओढायचे, दुसरीने ढकलायचे, मधूनमधून मूठभर दाणे वैरायचे. एकटीला ओढायचे तर खांदे भरून येतात. दासीच्या समोर बसायला पहाटे कोण येणार? जनाबाईंच्या अभंगांत ती समोरची जागा विठ्ठल घेतो. तो दळू लागतो, शेण वेचतो, पाणी भरतो, तिचे केस विंचरतो. यांतल्या एकाही कामाला गावात मान नव्हता. देव कुठे आहे हे जनाबाईंना कळले ते ओझे हलके झाले तिथे, आणि जिथे मदतीला कोणी नव्हते नेमक्या त्या जागी. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईंचे म्हणून एक जाते आजही दाखवले जाते.

हा अनुभव एकट्या जनाबाईंचा राहिला नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या बाया पहाटे जात्यावर ओव्या गात आल्या. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून चालवलेल्या कामात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत विठ्ठल आहे, रुक्मिणी आहे, आणि त्यांच्याशी केलेली बोलणी सासर-माहेराच्या गोष्टींत सहज मिसळलेली आहेत. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी घरोट (जाते) ओढताना आणि शेतात राबताना रचलेली गाणी त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवली. ती 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईने पेरणी, मळणी, पाखरू, वारा यांतून देवाचे मन वाचले. हात एकाच लयीत फिरत राहिले की मन मोकळे होते आणि दिवसभर दबून राहिलेले बोलणे वर येते, हे जात्यावर बसलेल्या कोणत्याही बाईला ठाऊक असते. देवाशी संवाद घडायचा तो याच वेळी.

सावता माळी सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे. पंढरपूर तिथून फार लांब नाही, तरी ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. माळ्याच्या कामाला सुट्टी नसते. मोट धरायची, पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे, वेळेवर खुरपणी करायची. एक पाळी चुकली तर पीक माना टाकते. सावतोबांनी आपल्या अभंगांत हीच अवजारे आणि हीच पिके देवाची म्हणून ओळखली, आणि आपली जात व धंदा मोकळेपणाने सांगितला. पंढरीची ओढ त्यांना कमी होती असे नाही. पाण्याची पाळी हीच आपल्याला आलेली हाक आहे, हे त्यांनी जाणले होते. वारकऱ्यांनी या निष्ठेचा मान ठेवला. संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, आणि विठ्ठलाची पालखी वर्षातून एकदा सावतोबांच्या भेटीला अरणला जाते.

काम नीट होत असताना देव ओळखणे एक. काम बिघडत असताना ओळखणे त्याहून कठीण. नरहरी सोनार यांची कथा या दुसऱ्या अनुभवाची आहे. ते पंढरपुरात राहत, पण कट्टर शैव होते. विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकायचे नाही असा त्यांचा नेम होता. एका सावकाराने विठ्ठलाला सोन्याचा करगोटा नवसला आणि घडवण्याचे काम नरहरींकडे आले. माप सावकाराने आणून दिले, नरहरींनी त्या मापाने करगोटा घडवला. तो बसेना. कधी अपुरा पडे, कधी मोठा होई. शेवटी स्वतः माप घेण्यावाचून इलाज उरला नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून ते गाभाऱ्यात गेले आणि हातांनी चाचपू लागले. हातांना व्याघ्रांबर लागले, सर्प लागला. मूर्ती शंकराची वाटली. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. तेव्हा दोन्ही एकच आहेत हे त्यांना उमगले.

या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी सोनाराचा अनुभव उरतोच. सोनाराचा सगळा विश्वास मापावर असतो. गुंजभर फरक त्याला चालत नाही. तेच काम पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर चूक हत्यारात नाही, सोन्यातही नाही, हे कसलेल्या कारागिराला कळते. मग ती स्वतःत शोधावी लागते. नरहरींनी माप दुसऱ्याला घ्यायला लावले होते, कारण बघायचेच नव्हते. देवाचे म्हणणे त्यांच्यापर्यंत आले ते कामातल्या हट्टी दोषाच्या रूपाने, आणि पटले ते डोळ्यांच्या आधी हातांना. पुढे त्यांच्या नावावरच्या अभंगात शेगडी, मूस, हातोडा हे सगळे साहित्य अंतःकरणाच्या घडणीसाठी वापरले गेले. दुकानाची भाषा आणि देवाची भाषा एक झाली.

सेना न्हावी यांचा अनुभव उशिरा ओळखण्याचा आहे. ते देवपूजेत असताना राजाचे बोलावणे आले, आणि विठ्ठलच त्यांचे रूप घेऊन राजाची हजामत करून आला, अशी कथा आहे. सेनाजींना हे नंतर, दुसऱ्यांच्या तोंडून कळले. घडत असताना काहीच जाणवले नव्हते. रोजच्या आयुष्यात हाच अनुभव सर्वांत जास्त येतो: अडलेले काम कोणीतरी निभावून नेलेले असते आणि त्याचा अर्थ मागाहून लागतो. सेनाजींच्या अभंगात न्हाव्याची धोकटी उघडते आणि त्यातला आरसा विवेकाचा होतो. त्यांचे एक पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहे, तिथेच नामदेवांचीही पदे आहेत. शिंपी आणि न्हावी कुळांतल्या संतांचा हा अनुभव पंजाबातही आपला मानला गेला.

आपल्याला जे कळले ते खरेच देवाचे, की आपल्याच मनाचे, हा प्रश्न इथे येतो. तेरचे गोरा कुंभार यांच्याविषयीची एक कथा याच प्रश्नाची आहे. संतांच्या मेळाव्यात कोण पक्के आणि कोण कच्चे हे पाहण्याचे काम वयाने वडील असलेल्या गोरोबांकडे आले. मडके थापटून आवाजावरून पारखावे तसे त्यांनी एकेकाचे डोके थापटले. बाकीचे शांत राहिले, नामदेव दुखावले. देव ज्यांच्याशी प्रत्यक्ष बोलतो असे मानले जाई, त्या नामदेवांनाच गोरोबांनी कच्चे ठरवले आणि पुढे त्यांना औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जावे लागले. देवाशी जवळीक असल्याचा अभिमान हाच कच्चेपणा, हे या कथेचे सार. तो स्वतःचा स्वतःला दिसत नाही. त्याला दुसऱ्याची थाप लागते. वारकऱ्यांनी संतसंगाला एवढे महत्त्व दिले त्यामागे हे व्यावहारिक शहाणपण आहे.

गोरोबांचीच दुसरी कथा याहून कठोर आहे. नामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना पायाखाली आलेले स्वतःचे मूल त्यांना दिसले नाही. कथेच्या शेवटी मूल परत मिळते. परंतु आईचा आकांत ही कथा लपवत नाही, आणि कीर्तनात त्याच जागी ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पायाखालच्या जिवाचा आवाज ऐकू येऊ न देणारी तल्लीनता किती महाग पडते, हे परंपरेने आपल्या एका थोर भक्ताच्या घरातच दाखवून ठेवले आहे.

विहित कर्म हेच ईश्वराचे मनोगत, या विधानातला अवघड प्रश्न चोखामेळा यांच्या आयुष्यात उभा राहतो. मंगळवेढ्याचे चोखोबा महार. मेलेली गुरे ओढणे, गावाची कूस बांधणे ही कामे त्यांनी निवडलेली नव्हती. जातीने लादलेली होती. ज्या विठ्ठलाला ते हाक मारत त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता. हेही देवाच्या मनातले का? चोखोबांचे अभंग याचे एकच एक उत्तर देत नाहीत. कुठे ते आपला जन्म पूर्वकर्मावर घालतात, कुठे देवालाच जाब विचारतात. त्यांच्या पत्नी सोयराबाई विटाळाशिवाय कोणता देह जन्मला ते दाखवा, असे विचारतात. मुलगा कर्ममेळा यांच्या अभंगांत तक्रार आणखी तिखट होते.

या कुटुंबाने एक गोष्ट स्पष्ट केली. श्रमातला देव खरा, पण श्रमावर लादलेला अपमान देवाचा नाही. गुरे ओढताना विठ्ठल हात लावतो, अशी कथा चोखोबांविषयी सांगतात. देवळाच्या दारावर अडवणारा विठ्ठल असतो असे मात्र कोणीही सांगत नाही. देवाचे बोलणे कोणते आणि माणसांनी त्याच्या नावावर चालवलेले हुकूम कोणते, हा फरक इथे उघडा पडतो. देवाकडे तक्रार करणे हाही संवादच आहे, हेही चोखोबांच्या घरानेच शिकवले. 1338 मध्ये मंगळवेढ्याची कूस बांधताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. त्या देवळाचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले, आणि त्यानंतर दलितांना प्रवेश मिळाला. सहा शतके जी तक्रार अभंगांतून ऐकू येत होती, ती समजायला समाजाला एवढा काळ लागला.

तुकोबांच्या अनुभवात दृष्टांत येतो, आणि तो कुठे येतो हे महत्त्वाचे आहे. देहूच्या मोरे घराण्याचा व्यापार होता, महाजनकी होती. संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने तुकोबांनी एका दीर्घ अभंगात आपली हकीकत क्रमाने मांडली आहे. आईवडील गेले. 1630 च्या आसपासच्या दुष्काळात धंदा बसला, मान गेला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. लाज वाटू लागली. मग मोडकळीला आलेले विठ्ठलाचे देऊळ दुरुस्त करावेसे वाटले. कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले, संतांची वचने पाठ केली, अंग कष्टवून जमेल तसा उपकार केला. बहुमताकडे न पाहता खऱ्याखोट्यासाठी स्वतःच्या मनाला साक्षी ठेवले. गुरूंचा स्वप्नातला उपदेश या सगळ्यानंतर येतो, आणि कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर.

हा क्रमच पुष्कळ सांगून जातो. स्वप्न पडले म्हणून तुकोबा बदलले नाहीत. दुःख, लाज, देवळाची डागडुजी, पाठांतर, दुसऱ्यासाठी शिणलेले शरीर यांतून जे मन तयार झाले, त्याला स्वप्न ओळखता आले. माघ शुद्ध दशमीच्या त्या स्वप्नात बाबाजी चैतन्यांनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले आणि ते द्यायचे राहून गेले, असे तुकोबा सांगतात. वाण्याच्या दृष्टांतात माप येते आणि उधारी राहते. ज्याला मोठेपणा मिरवायचा आहे त्याने ही विसरलेल्या तुपाची गोष्ट गाळली असती. ती तशीच ठेवली गेली आहे म्हणून ही साक्ष विश्वासाची वाटते. व्यवहारातही हाच बदल दिसला. घरातली कर्जखते वाटून अर्धी धाकटा भाऊ कान्होबाला दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी इंद्रायणीत बुडवली, असे त्यांचे चरित्र सांगते. भावाचा हक्क त्यांनी स्वतःच्या वैराग्यात ओढला नाही.

देवाच्या नावावर काहीही खपवणाऱ्यांना हेच तुकोबा सर्वांत कठोर बोलतात. नवसाने मुले होत असतील तर नवरा कशाला हवा, असा रोखठोक सवाल त्यांनी केला आहे. अंगात आणणारे, भविष्य सांगणारे, वेष घेऊन फिरणारे त्यांच्या तडाख्यातून सुटत नाहीत. जो स्वतः स्वप्नातल्या उपदेशावर उभा आहे तोच खोट्या दृष्टांतांवर तुटून पडतो, यात विसंगती नाही. खरे नाणे ज्याच्या हातात आले त्याला खोटे सहन होत नाही.

तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई (वर आलेल्या बहिणाबाई चौधरींहून वेगळ्या) यांनी आपले आयुष्य स्वतः अभंगांत सांगितले आहे, आणि सतराव्या शतकातल्या स्त्रीचे असे कथन दुर्मीळ आहे. कोल्हापुरात असताना एक वासरू त्यांच्या मागे कीर्तनालाही येई. ते वासरू मेले, त्या शुद्ध हरपून पडल्या, आणि ज्यांना कधी पाहिले नव्हते त्या तुकोबांनी स्वप्नात येऊन उपदेश केला. ब्राह्मण घरातल्या स्त्रीने शूद्र गुरू मानावा हे पतीला सोसले नाही. मार बसला, घर मोडायची वेळ आली. बहिणाबाईंनी उपदेश सोडला नाही आणि घरही सोडले नाही. पती आजारी पडले, बदलले, आणि दोघे देहूला जाऊन तुकोबांच्या कीर्तनाला बसले. स्वप्नाची परीक्षा त्यांनी काळावर आणि जागेपणीच्या संगतीवर सोपवली.

विसाव्या शतकात हा धागा दोघांनी उचलला. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कर्मयोग समजावताना विनोबा या संतांकडेच वळतात. दुसऱ्याच्या डोक्यावरचा मळ काढणाऱ्या न्हाव्याला आपल्या मनाच्या मळाची आठवण झाली, मडके भाजणाऱ्याला आयुष्याचे मडके पक्के करण्याची. धंद्यातूनच त्यांना अध्यात्माची दृष्टी आली, असे ते दाखवतात. गाडगेबाबांनी (1876–1956) हेच झाडूने दाखवले. दिवसा गाव झाडायचे, रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारायचे. त्यांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. देव कुठे आहे याचे त्यांचे उत्तर भुकेल्याला अन्न आणि मुलांना शिक्षण या शब्दांत होते.

या सगळ्या अनुभवांतून देवाचे बोलणे ओळखण्याच्या काही कसोट्या हाती लागतात. ते बोलणे माणसाच्या ओळखीच्या भाषेत येते: सोनाराला मापातून, वाण्याला पावशेर तुपातून, दासीला खुंट्यावर पडलेल्या दुसऱ्या हातातून. म्हणून आपले काम जो मन लावून करतो त्याला ते लवकर ऐकू येते. ते बहुधा ऐकणाऱ्याकडेच काहीतरी मागते. नरहरींकडून हट्ट मागितला, तुकोबांकडून येणे असलेले पैसे मागितले. जे बोलणे फक्त आपला मोठेपणा वाढवते त्याविषयी सावध असावे. ते जाणत्यांच्या थापेला आणि काळाला टिकते. त्यात कोणाचा अपमान नसतो, आणि कोणाला दाराबाहेर ठेवण्याचा हुकूम नसतो. शेवटची कसोटी सर्वांत सोपी आहे आणि ती कोणालाही रोज लावता येते. खूण पटल्यावर माणूस आपल्या कामाकडे आणि आपल्या माणसांकडे अधिक प्रेमाने परत येतो का, एवढेच पाहायचे. तो परत येत असेल तर ती खूण खरी मानायला वारकरी परंपरेची हरकत नाही.